वणवा विझल्यानंतर

वणव्याच्या हानीचा हिशेब सामान्यतः जळालेली घरे, गुरे आणि वने यांवरून मांडला जातो. माणसांच्या मनांची होरपळ त्या हिशेबात येत नाही. कारण ती डोळ्यांना दिसत नाही आणि पुष्कळदा सारे काही स्थिरस्थावर झाल्यासारखे वाटू लागल्यावरच ती प्रकट होते.

या दृष्टीने ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात ७ फेब्रुवारी २००९ रोजी भडकलेल्या वणव्यांचे उदाहरण उद्बोधक आहे. त्या दिवशी मेलबर्न शहरात उष्णतामान ४६.४ अंशांवर गेले होते. सोसाट्याच्या वाऱ्याबरोबर आग निलगिरीच्या रानांतून धावत सुटली. त्या वणव्यांत १७३ माणसे प्राणास मुकली, दोन हजारांहून अधिक घरे भस्मसात झाली आणि मेरीस्व्हिल हे गाव जवळजवळ बेचिराख झाले. तो दिवस तेथे ‘काळा शनिवार’ म्हणून ओळखला जातो.

वाचलेल्या लोकांची मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी पुढे अनेक वर्षे पाहणी केली. बहुतेक माणसे कालांतराने सावरली, हे तीतील आशादायक अनुमान होय. तथापि अधिक झळ लागलेल्या भागांत दहा वर्षांनंतरही पाचांपैकी सुमारे एकाच्या ठायी मनोविकाराची लक्षणे आढळली. अशा माणसाला धुराचा वास आला, तप्त वारा सुटला, की तो दिवस पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहतो. झोप उडते, शेजारी गेला आणि आपण का उरलो, हा प्रश्न छळू लागतो. आगीच्या धांदलीत ज्यांची जिवलगांशी ताटातूट झाली, त्यांच्यावरील आघात अधिक खोल ठरला. पुढील काही वर्षांत मुलांची वाचनातील व गणितातील प्रगतीही मंदावली.

समाजाचेही असेच होते. एकाचे घर जाते, दुसऱ्याचे वाचते. मदत कोणाला किती मिळाली यावरून मने दुरावतात. ज्यांचे निकटचे स्नेही गाव सोडून गेले, त्यांच्यात खिन्नता अधिक दिसून आली. अधिक होरपळलेल्या भागांत स्त्रियांवरील अत्याचारांचे प्रमाणही जास्त आढळले. उलट, गावातील एखाद्या मंडळात वा संस्थेत सहभागी होणाऱ्यांची मनःस्थिती सामान्यतः बरी राहिली. मात्र अनेक संस्थांचा भार एकट्याने वाहणारे थकून गेले.

म्हणून पुनर्वसन म्हणजे केवळ छपरे उभारणे नव्हे. एका वस्तीतील माणसे शक्यतो एकत्र राहावीत, शाळांना दीर्घकाळ साहाय्य मिळावे आणि मानसोपचाराची सोय काही महिन्यांत बंद न होता वर्षानुवर्षे चालू राहावी, हाच त्या पाहणीचा बोध आहे.