सायकल पडली, मोटर गप्प झाली: आता काय बघायचं?

ज्यांना वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलणं थोडं आवरलंय, बाकी तसंच आहे.

एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. "दादा, वळणावर वाळूवरून इ-सायकल घसरली. मला फक्त खरचटलंय. डिस्प्ले लागतो, बॅटरी भरलेली दिसते, पण पॅडल मारलं तरी मोटर मदत करत नाही. जळली का?"

बहुधा नाही रे. आपल्याकडच्या बऱ्याच इ-सायकलींची मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये, धातूच्या जाड कवचात असते. साध्या पडण्याने तिला सहसा काही होत नाही. मार बसतो तो आजूबाजूच्या वायरी, स्विच आणि सेन्सरला.

पण मोटरच्या आधी बॅटरी बघा. केसला तडा, पोचा, फुगवटा, विचित्र वास, किंवा हाताला गरम लागतंय, यातलं एक जरी असलं तरी सायकल चालू करायची नाही आणि बॅटरी चार्जिंगला तर अजिबात लावायची नाही. ती घराबाहेर, पेट घेईल अशा वस्तूंपासून लांब ठेवा आणि दुकानात फोन करा. लिथियम सेलला आतून मार बसला असेल तर तो काही तासांनी, कधी दिवसांनीही पेटू शकतो. "काल तर ठीक होती" याला काही अर्थ नाही.

बॅटरी धड आहे? मग मागचं चाक जमिनीवरून उचला आणि त्यानंतरच पॉवर चालू करा. कारण पडताना थ्रॉटलची मूठ अडकली असेल तर सायकल हातातून सुटून पळेल. थ्रॉटल असेल तर हळूच पिळा. चाक फिरलं म्हणजे बॅटरी, कंट्रोलर, मोटर तिन्ही जिवंत आहेत. बिघाड पॅडलच्या सेन्सरकडे. पॅडलच्या आसाजवळ चुंबकांची एक चकती असते आणि तिच्यासमोर छोटा सेन्सर. दोघांत काही मिलिमीटरचंच अंतर असतं. क्रँकवर आपटलं की चकती वाकते नाहीतर सेन्सर सरकतो, आणि तुम्ही पॅडल मारताय हे कंट्रोलरला कळतच नाही.

थ्रॉटलनेही चाक हललं नाही तर दोन जागा बघा. एक, मोटरची केबल. ती आसातून बाहेर येते, सायकल त्या बाजूला पडली की चिरडते. तिचा कनेक्टर सैल झाला असेल तर पॉवर बंद करून बाणाला बाण जुळवून सरळ दाबा, पिळू नका. चाक फिरण्याऐवजी थरथरत असेल, तर आतली एखादी वायर तुटलेली असू शकते. तिथे थांबा, मेकॅनिककडे न्या.

दुसरी जागा म्हणजे ब्रेकचा लिव्हर, आणि या मित्राचं दुखणं तिथेच निघालं. बऱ्याच इ-सायकलींच्या लिव्हरमध्ये एक स्विच असतो, ब्रेक दाबला की तो मोटर बंद करतो. लिव्हर वाकून पूर्ण मागे येत नसेल, तर कंट्रोलरला वाटतं ब्रेक दाबलेलाच आहे. तपासायला त्या स्विचचा कनेक्टर काढून बघायचा. बऱ्याच सायकलींत लगेच मोटर चालू होते.

पठ्ठ्याने तेच केलं. मोटर चालू झाली, आणि हा खुशीत तसाच ऑफिसला निघाला! मी त्याला फोनच लावला. अरे, कनेक्टर काढला तो निदानासाठी. आता तू ब्रेक दाबशील तेव्हा मोटर पुढे ढकलतच राहील. पॅडल थांबवल्यावरही साध्या सेन्सरची मोटर क्षणभर जोर लावते. सिग्नलला, बसच्या मागे, तो क्षण पुरेसा आहे.

म्हणून शेवटची चाचणी हीच: चाक उचललेलं, मोटर फिरतेय, आधी डावा ब्रेक दाबा, मग उजवा. दोन्ही वेळा मोटरने तत्काळ जोर सोडला पाहिजे. त्याने नवीन लिव्हर बसवेपर्यंत मोटर बंद ठेवून, नुसतं पॅडल मारत सायकल चालवली. म्हणतो, चढावर जीव गेला.