सिंहगडावरील दूरदर्शन

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९७३ मध्ये पुण्यासाठी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभे राहिले. या निवडीमागे इतिहासाच्या अभिमानापेक्षा भूगोलाची निकड होती. दूरचित्रवाणीच्या लहरी प्रकाशाप्रमाणे जवळजवळ सरळ रेषेत जातात, आणि मुंबई-पुण्याच्या मध्ये सह्याद्री उभा आहे. म्हणून मुंबईचा कार्यक्रम सूक्ष्मलहरींच्या, म्हणजेच मायक्रोवेव्हच्या, दुव्याने उंचावरील मनोऱ्यांमार्फत आणला जाई. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीच्या गडावरून तो सभोवार प्रक्षेपित होई. दुवा तुटला की पुण्याचे पडदे कोरे!

खोऱ्यांतील गावांची अडचण मात्र उरलीच. गडाच्या दृष्टिपथातील गावी ‘आमची माती आमची माणसं’ हा शेतकऱ्यांचा कार्यक्रम दिसे. डोंगराआडच्या गावी, अंतर कमी असूनही, चित्र पोहोचत नसे. शेतीच्या माहितीची ज्याला अधिक गरज, तोच बहुधा डोंगराआड असे. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह कार्यरत झाल्यावर ठिकठिकाणी लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहिले. परंतु त्यांवरून सुरुवातीला प्रामुख्याने दिल्लीचेच कार्यक्रम येत. मराठी कार्यक्रमांसाठी मुंबईशी निराळा दुवा जोडावा लागे.