नभोवाणीचा खर्च कोणी सोसावा?

आमच्या घरी फडताळात, पंचांगाच्या शेजारी, एक लहानशी पुस्तिका असे. दरवर्षी तीवर टपाल कचेरीचा शिक्का उमटावयाचा. रेडिओ बाळगण्याचा तो परवाना. वर्षाचे १५ रुपये भरावे लागत. वडील रांगेत उभे राहून पैसे भरीत आणि घरी येऊन म्हणत, "झाले, आता वर्षभर ऐका." पैसे भरले म्हणजे तक्रारीचाही हक्क आला, अशी त्यांची समजूत होती. नाट्यसंगीत रात्री फार उशिरा लावता, म्हणून त्यांनी केंद्राला पोस्टकार्डे लिहिल्याचे मला आठवते.

गेल्या शतकाच्या नवव्या दशकात, त्याच्या मध्यास, हा परवाना रद्द झाला. घरोघरी आनंद झाला. खर्च मात्र रद्द झाला नाही. तो श्रोत्याच्या खिशातून उठून सरकारी तिजोरीत जाऊन बसला. आता इतक्या वाहिन्या असताना आकाशवाणी-दूरदर्शनवर करदात्याचा पैसा कशास घालवावा, असा प्रश्न सुशिक्षित मंडळी विचारतात. तो अगदीच गैरलागू नाही.

परंतु हा प्रश्न आपल्या देशात नभोवाणीइतकाच जुना आहे. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. कंपनी खासगी होती. परवान्याच्या १० रुपयांतील वाटा आणि आयात होणाऱ्या यंत्रांवरील आकार यांवर तिचा संसार चालावयाचा होता. परवाने काही हजारांपलीकडे गेले नाहीत आणि १९३० च्या मार्चमध्ये कंपनीचे दिवाळे वाजले. सरकारने केंद्रे ताब्यात घेतली. पुढच्याच वर्षी काटकसरीच्या नावाखाली सरकारनेही ती बंद करण्याचे ठरविले. तेव्हा लोकांनी एवढा गवगवा केला की परक्या सरकारलाही निर्णय फिरवावा लागला. अखेर १९३२ मध्ये सेवा कायम ठेवण्याचे ठरले. व्यापाराने जे चालले नाही ते सार्वजनिक पैशाने चालले, हा या इतिहासाचा आरंभ होय.

त्या पैशाने काय मिळाले, हे मराठी माणसास सांगावयास नको. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झाले. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचे स्वर आणि सीताकांत लाड यांचा पाठिंबा. आठवड्यास एक गीत, तेही वर्षभर. त्यात अधिक मास आला म्हणून गीते ५६ झाली. त्या वेळी आकाशवाणीवर जाहिरात नव्हती. एवढा दीर्घ उपक्रम आज कोणी घेऊन गेला, तर प्रायोजक पहिल्या महिन्याचे आकडे मागेल. आमच्या इंदूरचे केंद्रही १९५५ चेच. त्यावर माळवी बोलीत शेतकऱ्यांशी गप्पा मारणारी नंदाजी–भेराजी ही जोडी खेडोपाडी घरच्यासारखी झाली. माळवीतील बियाण्याच्या गप्पांना कोणता व्यापारी पैसे देता?

तथापि पैसा देणाराच हुकूमही देऊ लागतो, हेही आपण पाहिले आहे. डॉ. बाळकृष्ण केसकर आपल्यातलेच. १९५२ पासून दहा वर्षे ते नभोवाणीमंत्री होते. शास्त्रीय संगीतावर त्यांचे उपकार मोठे. पण चित्रपटगीते त्यांना हलकी वाटत, म्हणून ती आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली आणि सारा देश रेडिओ सिलोन लावून बसला. १९५७ मध्ये विविध भारती काढून ती चूक निस्तरावी लागली. ही निदान अभिरुचीची हुकूमत होती. आणीबाणीतील गोष्ट अधिक वाईट. सरकारी प्रचाराच्या कार्यक्रमास सहकार्य न दिल्याबद्दल १९७६ मध्ये किशोरकुमारांची गाणी आकाशवाणीवरून बंद करण्यात आली. आमच्या शेजारच्या खांडव्याचा हा गायक. इथल्या माणसांना ते फार लागले होते.

१९९५ साली न्या. पी. बी. सावंत यांच्या पीठाने ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता असल्याचे सांगितले आणि त्यांच्या नियमनासाठी स्वायत्त संस्था हवी असा निर्देश दिला. प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, पण तो अंमलात यावयास १९९७ उजाडले. स्वायत्तता कागदावर आली. पगाराचा मोठा भार मात्र सरकारी अनुदानावरच राहिला, आणि ते अनुदान दरवर्षी मागावयाचे. दर मार्चला जो हात पसरतो, त्याने एप्रिलमध्ये ताठ बोलावे ही अपेक्षा जरा जास्तच नव्हे काय? शाळेचे अनुदान मागण्यात आयुष्य गेल्याने हे मी अनुभवाने सांगतो.

मग अनुदान बंद करावे, असे म्हणणाऱ्यांनी अमेरिकेकडे पाहावे. तेथे १९६७ च्या कायद्याने एक महामंडळ नेमून सरकारी पैसा त्याच्यामार्फत केंद्रांना देण्याची सोय केली होती. राजकारणाचा हात लागू नये म्हणून रक्कम दोन वर्षे आधी मंजूर होई. तरीही जुलै २०२५ मध्ये तेथील संसदेने मंजूर झालेले सुमारे १.१ अब्ज डॉलर परत घेतले आणि महामंडळाने पुढच्याच महिन्यात काम गुंडाळत असल्याचे जाहीर केले. मोठ्या शहरांतील केंद्रे देणग्यांवर तग धरतील. खरा फटका दूरच्या, विरळ वस्तीच्या लहान केंद्रांना. त्यांचा आधारच तो होता.

आपणही तसेच विरळ वस्तीचे आहोत. पणजी केंद्रावर कोकणीबरोबर मराठी ऐकू येते ते बाजाराच्या कृपेने नव्हे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी घरे कोणत्याही जाहिरातदाराच्या हिशेबात मोजण्याजोगी नाहीत. त्यामुळे सार्वजनिक पैसा हवा, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण तो कायद्याने निदान पाच वर्षांसाठी ठरलेला असावा, मंत्र्याला मध्येच आखडता न येणारा असावा, आणि प्रत्येक केंद्राच्या टापूतील लहान भाषांचा वाटा त्यातच लिहिलेला असावा. जाहिराती थोड्या असाव्यात, इतक्या की त्यांच्यावाचून अडू नये.

हे बोलून दाखविल्यावर शेजारच्या तात्यांनी विचारले, "म्हणजे मास्तर, परवाना पुन्हा आणणार काय?" आणला तर मी भरीन, असे म्हणालो. त्यांना ती थट्टा वाटली.

ती जुनी पुस्तिका अजून माझ्याकडे आहे. तिच्या पानांत केंद्राकडून आलेले एक छापील पोस्टकार्ड आहे: आपली सूचना विचारार्थ नोंदविली आहे. नाट्यसंगीताची वेळ काही बदलली नाही. पण वडिलांनी ते कार्ड आल्यागेल्यास दाखविले होते, आणि पुढच्या वर्षीचे पंधरा रुपये मुदतीच्या आठ दिवस आधी भरले होते.