गडावरचं घर, पायथ्याची जमीन आणि नाक्यावरची पावती

विषय मला बराच ऐसपैस दिलेला आहे: पर्यटन, जमीनजुमला आणि कर. मी तो लहान करून घेतो. कोल्हापुरापासून वीस किलोमीटरवर पन्हाळा आहे, आणि इथं बसलेल्यांपैकी तिथं गेलं नाही असं कुणी सापडणं अवघड आहे. सकाळी जायचं, तीन दरवाजा आणि अंबारखाना बघायचा, झुणका-भाकर खायची, अंधार पडायच्या आत घरी. फारच झालं तर एक रात्र मुक्काम. या फेरीत आपण जे पैसे खर्च करतो त्यातला कर नेमका कुणाच्या तिजोरीत जातो, एवढा एकच प्रश्न मी आज धरून ठेवणार आहे. त्याचं उत्तर सापडलं की गडावरच्या माणसाची तक्रार काय आहे आणि पायथ्याला प्लॉटचे बोर्ड का लागलेत, हे दोन्ही कळतं.

पहिल्यांदा पन्हाळ्याचं वेगळेपण बघू. रायगड, राजगड हे किल्ले संध्याकाळी रिकामे होतात. पन्हाळा होत नाही. तो तालुक्याचं ठिकाण आहे. तटाच्या आत माणसं राहतात, शाळा आहे, कचेरी आहे आणि स्वतंत्र गिरिस्थान नगरपरिषद आहे. २०११ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या जेमतेम तीन हजारांवर होती. म्हणजे कोल्हापुरातल्या एखाद्या पेठेपेक्षा कमी माणसं, आणि त्यांनी सांभाळायचं काय, तर सुट्टीच्या दिवशी येणारी सगळी गर्दी. पाणी खालून पंपानं उचलून वर न्यायचं, कचरा वरून खाली आणायचा, गाड्या लावायला जागा करायची, स्वच्छतागृहं धुवायची. वित्त आयोगाचा निधी मात्र मुख्यतः लोकसंख्या बघून मिळतो. त्या हिशेबात तीन हजार डोकी मोजली जातात. रविवारची गर्दी जनगणनेत येत नाही.

आता आपला पैसा. समजा तुम्ही रात्रीला तीन हजारांची खोली घेतली. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी पाच टक्के आहे, त्याआधी बारा होता. पाच टक्के म्हणजे दीडशे रुपये. त्यातले पंचाहत्तर केंद्राचे, पंचाहत्तर राज्याचे. पन्हाळा नगरपरिषदेचे किती? शून्य. जेवणाच्या बिलावरचा पाच टक्केही तसाच वाटला जातो. लहान लॉजवाला, ज्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत आहे, त्याला तर जीएसटीची नोंदणीच सक्तीची नाही. म्हणजे तिथं कुणालाच काही नाही. पूर्वी नगरपालिकांना जकात होती. गावात माल आला की नाक्यावर पैसा जमा व्हायचा, त्यामुळे गावाचा व्यापार वाढला की पालिकेचं उत्पन्न आपोआप वाढायचं. नगरपालिका क्षेत्रातली जकात १९९९ मध्ये गेली आणि त्याबदल्यात राज्याकडून सहाय्यक अनुदान आलं. जकातीत भ्रष्टाचार होता, ट्रकांच्या रांगा होत्या, ती गेली ते बरंच झालं. पण व्यापार आणि पालिकेची तिजोरी यांच्यातली दोरी त्याच दिवशी तुटली, हेही खरं.

मग नगरपरिषदेच्या हातात स्वतःचं असं उरतं काय? मुख्य दोन गोष्टी. एक घरपट्टी, दुसरी नाक्यावर आपल्या हातात पडणारी पावती, म्हणजे प्रवासी कर. तिसरी एक आहे ती आपल्या लक्षात येत नाही. गावात खरेदीखत झालं की मुद्रांक शुल्कात एक टक्का अधिभार नगरपरिषदेच्या नावानं घेतला जातो. तो आधी राज्याकडे जातो आणि मग पालिकेकडे परत येतो. तो किती येणार, हे गावात खरेदीविक्री किती होते त्यावर. गडावर ती फारशी का होत नाही, ते पुढं सांगतो.

घरपट्टी कशी बसते हे मला थोडं सावकाश सांगायचं आहे, कारण बिल सगळे भरतात आणि वाचत कुणी नाही. नगरपरिषद अधिनियम १९६५ चा. त्यात घराच्या किमतीवर कर नाही, घर भाड्यानं दिलं तर वर्षाला किती भाडं येईल या अंदाजावर आहे. त्या वार्षिक भाड्यातून दहा टक्के दुरुस्तीखातर वजा करायचे. उरलं ते करयोग्य मूल्य. उदाहरणापुरतं, महिना पाच हजार भाडं धरलं तर वर्षाचे साठ हजार, दहा टक्के गेले, चोपन्न हजार राहिले. या चोपन्न हजारांवर ठरलेल्या टक्क्यानं कर. दर चार वर्षांनी आकारणी नव्यानं करायची असते, तिला चतुर्थ वार्षिक आकारणी म्हणतात. हरकती मागवतात, सुनावणी होते. तिथं जाऊन बसा, फुकट शिक्षण आहे. बिलावर शिक्षण कराची ओळ असते, व्यावसायिक इमारत असेल तर रोजगार हमी उपकराचीही असते. हे पैसे वसूल पालिका करते, पण ते राज्याचे. लोक शिव्या मात्र पालिकेला देतात.

या पद्धतीत एक मेख आहे. पालिकेचं उत्पन्न वाढायचं तर एकतर दर वाढला पाहिजे, नाहीतर नवी घरं, नवी हॉटेलं उभी राहिली पाहिजेत. सगळी शहरं दुसऱ्या रस्त्यानं वाढतात. पन्हाळ्याला तो रस्ता बंद आहे, आणि बंद असण्याला कायदेशीर कारण आहे.

पन्हाळा हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालचं स्मारक. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम पूर्ण बंद. त्यापुढचे दोनशे मीटर नियंत्रित, म्हणजे राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीनं परवानगी मिळाली तरच. कागदावर हे अंतर लहान वाटतं. पण नुसत्या एका बिंदूभोवती तीनशे मीटरचं वर्तुळ काढा, जवळजवळ सत्तर एकर जागा त्यात येते. पन्हाळ्यावर सज्जा कोठी एका बाजूला, तीन दरवाजा दुसऱ्या बाजूला, अंबारखाना मध्ये, भोवती तटबंदी. वर्तुळं एकमेकांत मिसळून जातात, आणि त्यांच्या मधोमध लोकांची घरं आहेत. प्रतिबंधित पट्ट्यात ज्यांचं घर १६ जून १९९२ च्या आधीचं आहे त्यांना दुरुस्तीची परवानगी मागता येते. पण दुरुस्ती म्हणजे दुरुस्तीच. घरात दोन भाऊ झाले, वर एक मजला चढवू, असं म्हणता येत नाही. विनापरवाना केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

याचा जमिनीच्या बाजारावर काय परिणाम होतो बघा. गडावर आधीपासून कायदेशीर उभी असलेली इमारत, आधीपासून परवाना असलेलं हॉटेल, याला सोन्याचा भाव. कारण त्याच्या शेजारी नवा स्पर्धक येऊच शकत नाही. आणि त्याच आळीतल्या साध्या घराला गिऱ्हाईक नाही, कारण घेणारा पाडून नवं बांधू शकत नाही. एकाच गडावर दोन बाजारभाव. कायदा चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. तो नसता तर तटावर गच्च्या आल्या असत्या, आणि मग बघायला कोण आलं असतं? पण स्मारक सगळ्या देशाचं आणि त्याची किंमत मोजायची तीन हजार माणसांनी, हे गणित मला पटत नाही.

११ जुलै २०२५ ला युनेस्कोनं मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात महाराष्ट्रातले अकरा, पन्हाळा त्यातला एक, आणि तमिळनाडूतला जिंजी. आपण कोल्हापुरात आनंद केला. गडावर त्याआधी काय चाललं होतं? आपली घरं राहतील का, दुकानं उठवतील का, ही भीती. उघड विरोध झाला, बैठका झाल्या. ही माणसं अडाणी आहेत म्हणून घाबरली नव्हती. शंभर मीटरचा नियम त्यांनी पंधरा वर्षं अंगावर घेतलेला होता, म्हणून घाबरली होती.

आता गडावरून खाली उतरू. वर बांधता येत नाही आणि पर्यटक तर वाढतोय, मग हॉटेलं जाणार कुठं? पायथ्याला. रत्नागिरी रस्त्यावरून वाघबीळला वळलं की जमिनीचे बोर्ड सुरू होतात. हवा पन्हाळ्याची, नाव पन्हाळ्याचं, हद्द ग्रामपंचायतीची. ग्रामपंचायतीत कर भांडवली मूल्यावर बसतो, पण दर हजारामागे रुपया-दोन रुपयांच्या घरात. त्या गावांचा हा दोष नाही, नियमच तसे आहेत. रिसॉर्टचा पाहुणा सकाळी गडावर जातो, तिथली पार्किंग वापरतो, तिथं बाटली टाकतो आणि रात्री खाली झोपतो. कर खाली, खर्च वर.

आयकरातली एक गंमत इथं सांगितली पाहिजे. आपल्याकडे शेतजमीन ग्रामीण असेल तर ती विकून झालेल्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. ग्रामीण कुठली, तर दहा हजार किंवा जास्त लोकसंख्येच्या नगरपालिकेच्या हद्दीतली नाही, आणि तिच्यापासून ठरावीक अंतराच्या बाहेरची. शहर एक ते दहा लाख वस्तीचं असेल तर हे अंतर सहा किलोमीटर. कोल्हापूर त्या गटात मोडतं आणि पन्हाळा वीस किलोमीटरवर. खुद्द पन्हाळ्याची लोकसंख्या दहा हजारांच्या खूप खाली. म्हणजे गडाखालच्या शेतकऱ्यानं खरीखुरी शेतजमीन विकली तर त्या नफ्यावर कर नाही. गडावरच्यानं जुनं घर विकलं तर आहे: साडेबारा टक्के, किंवा २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेली मिळकत असेल तर महागाई निर्देशांक धरून वीस टक्के, यात जो कमी पडेल तो. त्याच शेतकऱ्यानं आधी बिगरशेती केली, प्लॉट पाडले आणि मग विकले, तर ती सवलत गेली. म्हणून कुणी सल्ला मागितला तर मी आधी विचारतो, बाबा, विकताना ती सातबाऱ्यावर आणि प्रत्यक्षात शेतीच आहे ना?

एक वर्ष आठवा. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पन्हाळ्याला जाणारा मुख्य रस्ता खचला. गाड्या वर जाणं बंद. नाका रिकामा, हॉटेलं रिकामी, आणि हे कोरोनाच्या दोन हंगामांच्या पाठोपाठ. ज्या गावाच्या उत्पन्नाचा मोठा आधार एका रस्त्यावरच्या एका नाक्यावर आहे, त्याचं असं होतं. माथेरानला वाहनांना बंदी आहे, तिथं माणशी कर घेतात, चालत गेलात तरी द्यावा लागतो. महाबळेश्वर, पाचगणीलाही प्रवासी कर आहे. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. नाक्यावर दहा-वीस रुपयांसाठी हुज्जत घालणारा माणूस वर जाऊन शंभर रुपयांची स्ट्रॉबेरी क्रीम खातो, त्याचं मला नवल वाटतं.

माझं मत विचाराल तर प्रवासी कर वाढवावा, गर्दीच्या दिवशी जास्त घ्यावा, आणि त्याचा हिशेब नाक्यावरच्याच फलकावर दर महिन्याला लिहावा. इतके जमले, इतके पाण्यावर, इतके सफाईवर. दुसरं, खोलीवरच्या जीएसटीतला राज्याचा जो वाटा आहे, त्यातला काही भाग त्याच गिरिस्थान नगरपरिषदेला परत मिळावा. मुद्रांक शुल्कात एक टक्का परत देता येतो, तर इथं का नाही? आणि तिसरं, १९९२ पूर्वीच्या राहत्या घरांच्या दुरुस्तीचे अर्ज किती दिवसांत निकाली निघाले हे जाहीर व्हावं. पावसाळ्यापूर्वी कौलं बदलायची परवानगी पावसाळ्यानंतर मिळून उपयोग नाही.

काही चिठ्ठ्या आल्यात, त्यातल्या दोन घेतो.

एक विचारतात, पायथ्याला पाच गुंठ्यांचा फार्महाऊस प्लॉट घेतोय, काय बघू? पहिलं, तुम्ही शेतकरी आहात का? नसाल तर कुळकायद्यानुसार शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही, व्यवहार अवैध ठरतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. दुसरं, बिगरशेतीचा आदेश आणि मंजूर रेखांकन कागदावर बघा, दलालाच्या मोबाइलवर नाही. सामाईक सातबाऱ्यावर नाव लावून देतो म्हणाला, तर तुमचा तुकडा कुठला हे कुणीच सांगू शकणार नाही, आणि तुकडेबंदीचा अडथळा आहेच. तिसरं, रस्ता. तुमच्या प्लॉटपर्यंतचा रस्ता नकाशात आहे की शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर, ते विचारा. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च वेगळा धरा. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त तीस हजार.

दुसरी चिठ्ठी गडावरूनच आलेली दिसते. युनेस्कोमुळे आम्हाला उठवतील का? युनेस्कोला कुणाचं घर पाडायचा अधिकार नाही. तुमच्या घरावर जी बंधनं आहेत ती भारतीय कायद्याची आहेत आणि ती यादीत नाव येण्याआधीपासून आहेत. म्हणून घरपट्टीच्या जुन्या पावत्या, वीजबिलं, नगरपरिषदेचा असेसमेंटचा उतारा, जे काही घर १९९२ च्या आधीचं आहे हे दाखवेल, ते आजच एका पिशवीत घालून ठेवा. उतारा नसेल तर सोमवारी जाऊन अर्ज करा, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.