ताईची शिफारस की कंपनीची जाहिरात?

टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली, की ती जाहिरात आहे हे लहान पोरालाही कळतं. मोबाइलवर मात्र तसं नसतं.

दहावी-बारावीच्या मुलांना इन्स्टाग्रामवर, यूट्यूबवर एखादी मुलगी दिसते. ती सांगते, "गणितात मी कच्ची होते, आता छान मार्क पडतात." मग हळूच एका एआय ॲपचं नाव घेते. प्रश्नाचा फोटो काढला, की हे ॲप उत्तर तयार करून देतं. खाली कुणी विचारतं, "ताई, कोणतं ॲप?" लगेच उत्तर येतं. पोरांना वाटतं, आपल्यासारखीच मुलगी आहे, खरंच सांगत असणार. पण असं बोलण्याचे तिला कंपनीकडून पैसे मिळालेले असू शकतात.

पैसे घेऊन जाहिरात करणं हा गुन्हा नाही. ते लपवणं चुकीचं. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये यासाठी नियम सांगितले. पैसे, भेटवस्तू किंवा सवलत घेऊन शिफारस केली, तर ते व्हिडिओतच, त्याच भाषेत, ठळकपणे सांगायला हवं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे फसव्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आता आपल्या पैशाचं बघू. बरीच ॲप पहिले काही दिवस फुकट असतात, पण सुरुवातीलाच यूपीआय ऑटोपेला परवानगी मागतात. मुदत संपली, की खात्यातून आपोआप पैसे कापले जातात. फोन आईचा, खातंही आईचंच! शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्येच पालकांना अशा आपोआप कपातीबद्दल सावध केलं होतं.

म्हणून एवढं करा. मुलांसोबत बसून तो व्हिडिओ पाहा. 'जाहिरात', 'स्पॉन्सर्ड', 'पेड' असा शब्द कुठे आहे का, ते त्यांनाच शोधायला सांगा. यूपीआय पिन मुलांना देऊ नका. ॲप नुसतं काढून टाकल्याने कपात थांबत नाही. आपल्या यूपीआय ॲपमध्ये जाऊन ऑटोपे रद्द करा. फसवणूक वाटली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करा.

मुलांवर ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी ती सांगणारच नाहीत. गटात कर्ज देताना आपण विचारतो ना, "पैसे कशाला हवेत?" तसंच मुलांना विचारायला शिकवा, "ही ताई हे का सांगतेय? यात तिला काय मिळतंय?"