सीताफळाचे छायाचित्र आणि परळीचे गिऱ्हाईक

पावसाळा ओसरू लागला आणि बालाघाटच्या डोंगरावरील सीताफळांचे डोळे उघडू लागले, की परळी वैजनाथच्या बाजारात सीताफळांच्या पाट्या दिसू लागतात. हे फळ दिसावयास दणकट, परंतु आयुष्याने अत्यंत अल्प. झाडावरून उतरविल्यानंतर सामान्यतः तीन ते पाच दिवसांत ते पिकून मऊ पडते आणि पुढे त्याला कोणी विचारीत नाही. यास्तव ज्याच्यापाशी फळ आहे, त्याला गिऱ्हाईक आजच हवे असते. ते न मिळाल्यास व्यापारी सांगेल तो भाव पदरात घेऊन पाटी रिकामी करावी लागते. ही अडचण जुनीच आहे. तिच्यावर उपयोगी पडणारे एक साधन मात्र आता बहुतेक घरांत येऊन पोचले आहे, ते म्हणजे कॅमेरा असलेला मोबाईल.

मोबाईलवर छायाचित्रे लोकांसमोर मांडण्याच्या ज्या सोयी आहेत, त्यांत ‘इन्स्टाग्राम’ विशेष प्रसिद्ध आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये ते अमेरिकेत सुरू झाले व २०१२ मध्ये फेसबुक कंपनीने ते विकत घेतले. त्यात चित्र प्रमुख आणि मजकूर दुय्यम असतो. पूर्वी गावोगाव भित्तिपत्रके लावून व पडद्यावर चित्रे दाखवून सुधारित शेतीचा प्रसार होत असे. डोळ्यांनी पाहिलेले मनात ठसते, हे त्यामागील तत्त्व येथेही लागू आहे. धंद्यासाठी वेगळे खाते उघडण्यास पैसे पडत नाहीत, आणि त्या खात्यावर दूरध्वनी क्रमांक व पत्ता देता येतो.

आता परळीचाच विचार करू. वैद्यनाथाच्या दर्शनासाठी येथे बाराही महिने यात्रेकरू येतात. श्रावणात व महाशिवरात्रीस तर रीघच लागते. गाव रेल्वेमार्गावर आहे. औष्णिक वीजकेंद्रामुळे पगारदार कुटुंबांचीही वस्ती आहे. देवळाच्या पायऱ्यांवर उभे राहून छायाचित्र काढणारा यात्रेकरू ते प्रसिद्ध करताना पुष्कळदा त्यास परळीचे नाव जोडतो. बागाईतदाराने आपल्या फळाच्या चित्रास तेच स्थळनाव जोडले, तर परळीची चित्रे शोधणाऱ्याला देवळाबरोबर सीताफळाची पाटीही दिसू शकते. ही जोडणी करण्यास अर्धे मिनिटही लागत नाही. तरी बहुतेकांचे दुर्लक्ष नेमके येथेच होते.

छायाचित्र कसे असावे? प्रथम मोबाईलची काच मऊ कापडाने पुसावी. खिशातील धूळ व बोटांचे तेल तिच्यावर बसलेले असते आणि निम्मी चित्रे त्यामुळेच धुरकट येतात. सकाळचे अथवा उतरत्या दुपारचे ऊन चांगले. भर दुपारी फळांच्या खाचांत काळी सावली पडते. फळे गोणपाटावर किंवा टोपलीत ठेवावीत. एखादे फळ फोडून आतील पांढरा गर दाखवावा. काही फळे काट्यावर ठेवून वजनासह चित्र घ्यावे, म्हणजे आकाराविषयी शंका उरत नाही. रंग खुलविण्याची जी कृत्रिम सोय मोबाईलमध्ये असते, तिचा मात्र मोह धरू नये. सीताफळाची पारख डोळ्यांमधील खाचांच्या रंगावर होते. त्या रुंदावून पिवळसर-पांढऱ्या झाल्या, की फळ उतरविण्याजोगे झाले असे जाणकार समजतो. चित्रातील रंगच बदलला, तर त्याने पारख कशी करावी?

यापुढचा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. २०१६ मध्ये ‘बीडचे सीताफळ’ या नावास भौगोलिक मानांकन मिळाले. डोंगराळ, हलक्या जमिनीत वाढलेल्या गोड फळाचा हा मान आहे. परंतु ते नाव व चिन्ह लावून माल विकण्याचा अधिकार अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झालेल्यासच असतो. नोंद नसताना चित्रावर ते चिन्ह चिकटविणे गैर होय. आपले फळ डोंगरातील गावठी असताना बार्शीकडील ‘एन.एम.के.-१ गोल्डन’ या मोठ्या, पिवळसर फळाचे चित्र कोठूनतरी उचलून लावणे, हेही तसेच. गिऱ्हाईक एकदा फसेल. नंतर ते फसविणाऱ्याचे नाव विसरेल, पण बीडचे फळ घेऊ नये एवढे पक्के लक्षात ठेवील. मग त्याचा फटका शेजारच्या बांधावरील सचोटीच्या शेतकऱ्यालाही बसेल. वाणाविषयी शंका असल्यास परळीपासून पंचवीसेक किलोमीटरवर अंबाजोगाईस सीताफळ संशोधन केंद्र आहे, तेथे विचारावे.

इन्स्टाग्रामवर ‘स्टोरी’ नावाचा प्रकार आहे. तीत मांडलेले चित्र चोवीस तासांनी आपोआप दिसेनासे होते. नाशवंत मालास याहून सोयीची पाटी कोणती? आज उतरविलेले फळ, किलोचा भाव व विक्रीची जागा तीत सांगावी. उद्या जुना भाव दाखवून कोणी हुज्जत घालणार नाही. बाग, पत्ता व संपर्क यांची चित्रे मात्र कायमची ठेवावीत.

किती जणांनी चित्र पाहिले, या आकड्यास भुलू नये. समजा, पाच हजारांनी पाहिले, पण ते सारे नागपूर-मुंबईकडचे असले, तर तीन दिवसांत मऊ पडणारे फळ त्यांच्यापर्यंत पोचवावे कसे? त्यापेक्षा परळी, अंबाजोगाई व गंगाखेड येथील दोनशे माणसे अधिक मोलाची. लांबच्या गिऱ्हाइकाची मागणी घ्यावयाची झाल्यास कडक फळच पुठ्ठ्याच्या खोक्यात, मध्ये कागद घालून, पाठवावे आणि पोचण्याचा दिवस आधी कळवावा. बचत गटाच्या भगिनी गर किंवा रबडी विकत असतील, तर त्यांनी अन्नसुरक्षा विभागाकडील नोंदणी प्रथम करून घ्यावी.

एक इशारा देणे अवश्य आहे. आगाऊ पैसे पाठवितो असे सांगून कोणी संकेतचित्र पाठवितो आणि ते ‘स्कॅन’ करून पिन दाबावयास सांगतो. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन दाबला की आपल्याच खात्यातील पैसे जातात. फसवणूक झालीच, तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी एखाद्या सायंकाळी शेतकरी बंधुभगिनींना एकत्र बसवावे व खाते उघडण्यापासून स्थळनाव जोडण्यापर्यंतचे काम त्यांच्याच हातून करवून घ्यावे. घरातील शिकणारा मुलगा वा मुलगी यात बहुधा अधिक वाकबगार असते, त्यांनाही बोलवावे. कोणते गिऱ्हाईक चित्र पाहून आले व कोणते रस्त्यावरून जाता जाता थांबले, हे वहीत टिपून ठेवण्याची सवय मात्र वडीलधाऱ्यांनी लावावी. पहिल्या पावसानंतरचा बहर, पुढे धरलेली कोवळी फळे, यांचीही छायाचित्रे अधूनमधून देत गेल्यास गतवर्षीचे गिऱ्हाईक आपणहून विचारू लागते, ‘फळ केव्हा उतरणार?’ त्याचे नाव तेव्हाच वहीत लिहून घ्यावे आणि पहिल्या तोडणीच्या आदल्या दिवशी त्याला कळवावे.