जांघेतील गाठी काढल्यावर पाय का सुजतो?

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते. सुजतात त्या तिथल्या लसिकाग्रंथी. शिश्न, योनिमुख किंवा पायाच्या त्वचेचा कर्करोग अनेकदा आधी इथेच पसरतो, म्हणून त्या काढतात. पण पायातील लसिकाद्रव याच ग्रंथींतून वर जातो. ही वाट तुटली की जखमेत पाणी साचते, जंतुसंसर्ग होतो, पाय कायमचा सुजू शकतो. म्हणून आता शक्य तिथे आधी वाटेवरची पहिलीच ग्रंथी तपासतात.

2017 मध्ये मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगावरील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. पहिल्या ग्रंथीत कर्करोग सापडल्यावर काख, जांघ अशा भागांतल्या बाकीच्याही ग्रंथी काढलेल्या 24 टक्के रुग्णांना सूज आली. नुसती देखरेख ठेवलेल्यांत 6 टक्के. मेलानोमाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण मात्र दोन्हीकडे सारखेच होते.